कुंडीतील कुमारी : निदान व उपचार

चिकित्सालयाच्या वा औषधालयाच्या दर्शनी भागात कुमारीची कुंडी ठेवण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. ताजा स्वरस हाताशी असावा, हा त्यामागील हेतू. परंतु काही काळाने रोप म्लान होते, पाने पिवळट व लिबलिबीत होऊन आडवी पडतात. अशा वेळी बहुतेक जण एकच उपचार करतात, तो म्हणजे अधिक पाणी. आमच्या मते पुष्कळदा रोगाचा हेतूही तोच असतो.

कुमारी पानांतच जलसंचय करते व तिची पर्णरंध्रे मुख्यत्वे रात्री उघडतात. त्यातच घरातील मंद प्रकाशात तिची पाण्याची गरज आणखी घटते. साखर कारखान्याचे गाव असलेल्या श्रीपूर (ता. माळशिरस) परिसरात कुंडीसाठी उसाच्या रानातील काळी माती सहज उपलब्ध होते. ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, मुळांना वायू मिळत नाही व ती कुजतात. मुरमाड बांधावर अवर्षणातही तग धरणारी हीच वनस्पती कुंडीत मरते, ती अशी.

निदानात घाई नको. पाण्याअभावीही पाने पातळ होऊन आत वळतात. मात्र बुंधा टणक राहतो व माती तळापर्यंत कोरडी असते. अतिसिंचनात बुंधा मऊ व काळसर होतो, मातीस दुर्गंधी येते. पाने तांबूस झाली असल्यास बहुधा प्रखर उन्हाचा परिणाम समजावा.

सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त वृक्षांचे विकारही त्रिदोषांनुसार विभागले आहेत. कफज विकारात मुळांभोवतीची माती काढून नवी, कोरडी माती भरण्यास तेथे सांगितले आहे. वराहमिहिरानेही ‘बृहत्संहिते’त रोगग्रस्त भाग प्रथम शस्त्राने काढून टाकण्यास सांगितले आहे. कुजलेल्या कुमारीस हे दोन्ही उपचार जसेच्या तसे लागू पडतात. रोप उपटून कुजलेली मुळे स्वच्छ सुरीने निरोगी भागापर्यंत छाटावीत. चार-पाच दिवस सावलीत ठेवून छेद सुकू द्यावा. हा लंघनकाल टाळू नये. नंतर तळाशी छिद्र असलेल्या मातीच्या कुंडीत निम्मी जाड वाळू वा बारीक मुरूम व निम्मी माती घालून रोप लावावे. आठवडाभर पाणी देऊ नये. पुढे माती पूर्ण कोरडी झाल्यावरच द्यावे. कोवळे ऊन मिळणारी खिडकी उत्तम. खताची घाई नको. कुजलेल्या मुळांच्या रोपास खत म्हणजे मंदाग्नी रुग्णास गुरू आहारच!

बुंधाच कुजला असेल तर रोपाचा मोह सोडून बाजूचे निरोगी पिल्लू वेगळे लावावे.

औषधालय चालकांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा पुढेच आहे. आजारी रोपाचे पान स्वरसासाठी मुळीच घेऊ नये. नवी पाने येऊन पुरेशी मांसल व टणक होईपर्यंत थांबावे. कीटकनाशक फवारलेले रोप शोभेपुरतेच ठेवून त्यावर तशी चिठ्ठी लावावी. निरोगी पानही कापल्यावर उभे ठेवून त्यातील पिवळा, रेचक स्राव निथळू द्यावा. गर्भिणीस तर हा स्राव वर्ज्यच आहे.