पिकअप गाडीचे झिजलेले स्पार्क प्लग

इंदूरच्या राजवाड्याभोवतालच्या गर्दीत माल पोहोचविणाऱ्या पिकअपला वेग क्वचितच मिळतो. थांबणे व पुन्हा निघणे हाच तिचा क्रम. लाखावर किलोमीटर धावलेली अशी गाडी भार घेताना झटके देऊ लागली, की बहुधा इंधनाला दोष दिला जातो व दिवसाची मजुरी बुडते. पेट्रोल वा सीएनजीची गाडी असल्यास प्रथम प्लग पाहावेत. (डिझेल इंजिनास स्पार्क प्लग नसतातच.)

ठिणग्यांनी टोके झिजली, की त्यांमधील फट रुंदावते, ठिणगीस अधिक विद्युतदाब लागतो आणि कॉइलवर ताण पडतो. सीएनजीस मुळातच जास्त दाब लागत असल्याने तेथे झीज लवकर जाणवते. न जळलेले इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो महागडा भाग निकामी करू शकते.

प्लग इंजिन थंड झाल्यावरच काढावेत. गरम ॲल्युमिनियम हेडातील आटे उखडण्याची भीती असते. भोवतालची धूळ आधी हवेने उडवावी. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. फिकट तपकिरी टोक निरोगी ज्वलनाचे होय. कोरडी काजळी बहुधा जादा इंधन दर्शविते. तेलकट काळेपणा मात्र रिंग वा व्हॉल्व्हचे सील झिजल्याची खूण. तेथे नवा प्लगही फार दिवस टिकत नाही, हे मिस्त्रीने मालकास आधीच सांगितलेले बरे.

नवा प्लग गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांकाचाच घ्यावा व प्रथम हातानेच फिरवावा. तो टेकल्यावर, वायसरचा असल्यास, पान्याने सुमारे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. निमुळत्या बैठकीच्या प्लगास फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो.