गावाहून बांधकामाला आलात? मंडळाची नोंदणी अशी करा

पुण्यात वारज्याच्या किंवा कात्रजच्या मजूर अड्ड्यावर काम मिळालं ना? छान! आता महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव लावू. वय १८ ते ६० हवं आणि गेल्या बारा महिन्यांत बांधकामावर किमान ९० दिवस भरलेले हवेत. बीडचे असा की बिहारचे, नियम तोच.

१. चालू मोबाइल नंबर आधारला जोडा. जुनं सिम गावी भावाकडे असेल, तर ओटीपी त्याच्याकडे जाईल.

२. खिशात मावेल अशी वही घ्या. सगळा खेळ हिच्यावर आहे.

३. रोज संध्याकाळी हजेरी लिहा: ‘१२ मार्च, वारजे, सेंट्रिंग, मजुरी ९००, उचल २००.’ सुट्टी झाली तर ‘खाडा’ लिहा. कोरी ओळ सोडलीत, तर मुकादम ती आपल्या सोयीने भरेल.

४. पगाराच्या दिवशीच मुकादमाची वहीत सही घ्या. साईट संपल्यावर त्याचा फोन लागेलच असं नाही.

५. दिवस मोजा. सलग नसले तरी चालतात, वेगवेगळ्या साईटचे मिळून ९० झाले की पुरे.

६. ठेकेदाराकडून ठरलेल्या नमुन्यात ९० दिवसांचा दाखला घ्या. रोज मालक बदलत असेल, तर महापालिकेत विचारा. काम गावच्या हद्दीत असेल, तर ग्रामसेवकाला गाठा. चहाच्या टपरीवर आयता दाखला विकणारा भेटेलच. त्याच्या नादी लागू नका, पडताळणीत पैसेही जातात आणि नावही.

७. दाखला तिथेच उभं राहून वाचा. कामाच्या तारखा, जावक क्रमांक, सही, शिक्का यांपैकी एक जरी राहिलं, तरी अर्ज परत येतो.

८. आधार, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, पासबुक, फोटो एका पिशवीत ठेवा.

९. मंडळाच्या संकेतस्थळावर अर्ज भरा. जमत नसेल तर तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात जा. नाव आधारवर आहे तसंच लिहा, ‘रामा’चा ‘रामचंद्र’ करू नका.

१०. अर्जाचा क्रमांक वहीत उतरवा.

११. नोंदणी झाली तरी वही चालूच ठेवा. दरवर्षी नूतनीकरणाला पुन्हा ९० दिवस दाखवावे लागतात. ते चुकलं की मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्जही अडतो.