चिप मारण्याआधी गवत बघा

गोल्फमध्ये ग्रीनच्या कडेला चेंडू पडला की नवशिक्याचा हात आपसूक सगळ्यांत तिरक्या वेजकडे जातो. 60 अंशांची तशी वेज मलाही एका दुकानदाराने ‘हिच्याशिवाय चिप बसत नाही’ म्हणत गळ्यात मारली होती. टीव्हीवरचे उंच उडून जागीच थांबणारे फटके डोक्यात असल्याने मीही हुज्जत घातली नाही. आज विचाराल तर आपल्याकडच्या जमिनीवर हा क्लब पिशवीतून सर्वांत शेवटी काढावा.

याचे कारण हरळी. परदेशी पुस्तकांतले बर्म्युडा ग्रास म्हणजे हेच गवत, गणपतीला आपण वाहतो ती दूर्वा. मी मूलकडचा, चंद्रपूर जिल्ह्यातला. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर कुदळ चालवलेल्या माणसाला हरळीचा चिवटपणा सांगायला नको. ती आडवी पसरते, पेरापेराला मुळे धरते आणि तिची पाती एका बाजूला कलतात. चेंडूमागे उभे राहून बघा: गवत चकाकत असेल तर पाती झेंड्याकडे कललेली आहेत, गडद दिसत असेल तर तुमच्याकडे. गडद असेल तेव्हा वेजची धार त्यात अडकते आणि चेंडू हातभर जाऊन बसतो. अशा वेळी 8 नंबरचा आयर्न घ्या. पाय जवळ, भार डाव्या पायावर, चेंडू उजव्या पायाच्या बाजूला, मनगटे न मोडता खांद्यांनीच झुलवायचे. (डावखुऱ्यांनी उलटे वाचावे.) चेंडू जरासा उडतो आणि पुढे घरंगळत जातो.

आमच्या जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात वाढलेल्याला पुण्याचा मे काही वाटत नाही. जमिनीला मात्र वाटतो. ग्रीनला पाणी मिळते, कडेची माती खडखडीत होते. तिथे वेजचा तळ आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटात धार बसते. मग चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे. सरळ पटर काढा. लोक हसतात, हसू द्या.

पावसाळ्यात सगळे उलट. वेजच्या तळाला जो फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात; ओल्या मातीत क्लब रुतू न देणे हे त्याचे काम. पण हात फार पुढे ढकलले की फुगवटा उचलला जातो आणि धारच मातीत शिरते. म्हणून ओल्यात चेंडू मधोमध ठेवा, दांडा जवळपास उभा, आणि जास्त बाउन्सची वेज. आपल्याच फटक्याने चेंडू फेअरवेत किंवा रफमध्ये मातीत रुतला असेल, तर नियमाप्रमाणे दंडाशिवाय उचलून, पुसून जवळच ड्रॉप करता येतो. हे ठाऊक नसल्याने चिखलातूनच फटका मारणारे मी पुष्कळ पाहिले.

तिरक्या वेजची खरी जागा लांब गवतात. तिथे गवत दांड्याच्या बुडाला गुंडाळून क्लबचे तोंड फिरवते. पकड घट्ट, तोंड जरा उघडे, फटका वरून खाली. चेंडूला फिरकी मिळत नाही, तो जास्त पळतो, तेव्हा अलीकडेच टाका.

सरावाचा फटका बाजूच्या तशाच गवतावर खुशाल मारा. चेंडूमागचे गवत मात्र पायाने किंवा क्लबने दाबू नका. स्ट्रोक प्लेमध्ये त्याला दोन फटक्यांचा दंड आहे.