बिनतारी इंटरनेट वारंवार तुटते. दोष नेमका कोठे शोधावा?

बोईसर-नवापूर रस्त्यालगतच्या एका फॅब्रिकेशन शेडमधील ही हकीकत आहे. दुपारची वेळ होती. वापीला जाणारा माल टेम्पोत चढला होता आणि ड्रायव्हर 'कागद द्या, निघतो' म्हणून घाई करीत होता. मात्र मालकांच्या लॅपटॉपवर ई-वे बिल काही केल्या तयार होईना. अर्धी माहिती भरली की वाय-फाय तुटे. दोन मिनिटांनी ते पुन्हा जोडले जाई, पण तोवर संकेतस्थळ बाहेर काढी आणि सारे पहिल्यापासून करावे लागे. टेम्पो अडीच तास उभा राहिला. वैतागलेल्या मालकांनी दुसऱ्या दिवशी नवा लॅपटॉप घ्यायचे नक्की केले. दुकानदाराने चाळीस हजारांचा भावही सांगितला होता.

सुदैवाने संगणक दुरुस्तीचे काम करणारा पालघरचा एक तरुण त्यांच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, "चाचा, लॅपटॉप घ्यायचा तर घ्या. पण आधी दोन दिवस थांबा आणि नेट कधी तुटते, किती वेळ तुटते, तेवढे वहीत लिहून ठेवा." त्या वहीने काय दाखविले ते पुढे येईलच. आधी हा विषय आपल्या व्यापाराशी किती निगडित आहे ते पाहू.

१ जुलै २०१७ पासून जी.एस.टी. आला आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. पालघर जिल्ह्याची सीमा गुजरातला लागून आहे. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल वापी-सुरतेकडे पाठवायचा तर हे बिल हवेच. बिलाविना निघालेला माल रस्त्यात अडविण्याची तरतूद कायद्यात असून दंड कराच्या दुप्पट असू शकतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ३-बी साधारणपणे पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. त्यानंतर रोज ५० रुपये विलंब शुल्क लागते, उलाढाल शून्य असल्यास २० रुपये. कर बाकी असेल तर त्यावर व्याज वेगळे. पूर्वी पेढीवर वही आणि तराजू नीट असले की भागत असे. आज इंटरनेटची जोडणीही धंद्याचे हत्यार झाली आहे आणि हत्यार बिघडले तर ते कारागिराला ओळखता आले पाहिजे.

साखळीच्या चार कड्या

इंटरनेट आपल्या लॅपटॉपपर्यंत चार टप्प्यांतून येते. पहिली कडी म्हणजे कंपनीची बाहेरून येणारी तार, दुसरी राऊटर व त्याचा वीजपुरवठा, तिसरी राऊटर ते लॅपटॉप यांमधील हवेतील लहरी आणि चौथी खुद्द लॅपटॉप. चारांपैकी कोणतीही कडी सुटली तरी पडद्यावर दिसते एवढेच की, नेट गेले. म्हणून बहुतेक जण समोर दिसणाऱ्या चौथ्या कडीला दोष देतात. खरे पाहता कडी ओळखण्यासाठी पुढील परीक्षा क्रमाने घ्याव्यात. त्यांना पैसा लागत नाही.

१) नेट तुटताच त्याच वाय-फायवर जोडलेला मोबाईल पाहावा. त्याचा मोबाईल डेटा मात्र आधी बंद करावा, नाहीतर फसगत होते. मोबाईलचेही नेट गेले असेल तर बहुधा लॅपटॉप निर्दोष आहे.

२) राऊटरचे दिवे पाहावेत. 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल तर बाहेरच्या फायबरमध्ये दोष आहे; कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. सारे दिवे विझून पुन्हा एकेक लागत असतील तर राऊटरची वीज जात आहे.

३) राऊटर व लॅपटॉप लॅनच्या वायरीने जोडून अर्धा दिवस काम करावे. वायरीवर नेट टिकते आणि हवेतून तुटते, तर दोष लहरींत किंवा लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डात आहे.

४) एवढ्यावर उलगडा झाला नाही तर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडावा. इंग्रजीत पिंग हा शब्द टाईप करून, जागा सोडून राऊटरचा क्रमांक लिहावा. तो राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह व त्याला लागून टी हे अक्षर लिहावे, म्हणजे तपासणी सतत चालू राहते. दुसऱ्या खिडकीत याच रीतीने ८.८.८.८ हा बाहेरचा क्रमांक लावावा. राऊटर उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर दोष पुढच्या मार्गावर आहे. दोन्ही एकदम थांबले तर दोष राऊटर, लहरी वा लॅपटॉप यांत आहे.

वहीने काय सांगितले?

आता त्या शेडकडे वळू. दोन दिवसांत नेट अकरा वेळा तुटले होते आणि प्रत्येक वेळी सुमारे दोन मिनिटेच. रात्री व जेवणाच्या सुट्टीत ते एकदाही तुटले नव्हते. वही पाहून तो तरुण हसला. बंद पडलेला राऊटर पुन्हा सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो! राऊटरचा अ‍ॅडॅप्टर हँड ग्राइंडरच्याच जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात होता. पिना सैल झाल्या होत्या. कामगार ग्राइंडरची पिन लावी वा काढी, की बोर्ड हले आणि राऊटरची वीज क्षणभर तुटे. राऊटरसाठी भिंतीवर वेगळा पॉइंट काढला. त्याला तीनशे-साडेतीनशे रुपये खर्च आला. जुना लॅपटॉप आजही त्याच टेबलावर आहे.

समुद्राच्या खाऱ्या हवेने चिंचणी-तारापूरकडे आणि रासायनिक वाफांमुळे औद्योगिक वसाहतीत पिना व सांधे लवकर गंजतात, हेही ध्यानात ठेवावे. वीज वारंवार जात असेल तर राऊटरसाठी लहान बॅटरीचा यू.पी.एस. मिळतो. घेताना राऊटरचे व्होल्ट व अँपिअर जुळवून पाहावेत.

दोष हवेत असेल तर

वाय-फायच्या लहरी लोखंडी पत्र्यातून पार होत नाहीत, त्यावर आदळून परततात. शेडमध्ये पत्र्याची केबिन, मालाची लोखंडी रॅक वा गोदरेजचे कपाट मध्ये असेल तर पलीकडे नेट दुबळे पोहोचते. राऊटर उंचावर, मोकळ्या जागी, शक्यतो लॅपटॉपच्या नजरेसमोर ठेवावा.

राऊटर बहुधा दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण तिथे शेजाऱ्यांच्या राऊटरची व ब्लूटूथची गर्दी असते. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात लुडबुडते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. म्हणून जवळ बसून काम असेल तर ५ निवडावे आणि भिंत मध्ये असेल तर २.४. दाट बाजारपेठेत २.४ साठी राऊटरच्या सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल लावावा, कारण हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. राऊटरचा मूळ पासवर्डही बदलावा. आपल्या नेटवर शेजारची चार मुले सिनेमा पाहत असतील तर लॅपटॉप बिचारा काय करील?

दोष लॅपटॉपचा असेल तर

विंडोजमध्ये वीज वाचविण्यासाठी वाय-फाय कार्ड झोपी घालण्याची सोय असते आणि कधी कधी ते वेळेवर जागे होत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स', त्यात वाय-फाय कार्डाचे नाव, मग 'पॉवर मॅनेजमेंट' उघडून उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढावी. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान दिसत नाही. तरीही तुटत असेल तर जाळ्याचे नाव 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने द्यावा आणि लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. कार्डच निकामी झाले असेल तर यू.एस.बी.चे छोटे वाय-फाय उपकरण लावून काम भागते, लॅपटॉप बदलावा लागत नाही.

टेम्पो उभा असेल तेव्हा

परीक्षा सवडीने कराव्यात. माल खोळंबला असेल तर मोबाईल वायरीने लॅपटॉपला जोडून त्याचे नेट वापरावे. त्यासाठी मोबाईलचे सिमकार्ड ब्रॉडबँडच्या कंपनीहून वेगळ्या कंपनीचे असलेले बरे. ई-वे बिलाचा 'भाग अ' म्हणजे मालाचा तपशील सकाळीच भरून ठेवता येतो. वाहनाचा क्रमांक असलेला 'भाग ब' नंतर भरला तरी चालतो. संकेतस्थळावर प्रवेश करताना ओटीपी लागतो, तेव्हा नोंदविलेला मोबाईल जवळ असावा. घाईत आपला पासवर्ड व ओटीपी परक्याच्या हाती देऊ नये. त्याने काढलेल्या चुकीच्या बिलाचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

तात्पर्य, यंत्र बदलण्याआधी कडी शोधावी. आजच राऊटरचा अ‍ॅडॅप्टर कोणत्या बोर्डात खोचला आहे तेवढे पाहून घ्या आणि नेट तुटत असेल तर शेजारी एक वही ठेवा.