कुतचा वेढा आणि आमलकी

चाकणच्या संग्रामदुर्गाचा १६६० चा वेढा आपणांस परिचित आहेच. वैद्यांनी अभ्यासावा असा वेढा मात्र कुतचा. मेसोपोटेमियातील या गावी ७ डिसेंबर १९१५ पासून ६ वी पुणे डिव्हिजन, मराठा पलटणींसह, अडकली. एप्रिल १९१६ मध्ये जनरल टाउनशेंड व तुर्क सेनापती खलील पाशा यांच्यात पत्रव्यवहार झाला. २९ एप्रिलच्या शरणागतीनंतर हजारावर रुग्ण व जखमी तुर्की कैद्यांच्या मोबदल्यात सुटले. औषध रुग्णाकडे पोहोचेना, तेव्हा रुग्णच औषधाकडे धाडले गेले.

व्याधींचे वाटप मोठे उद्बोधक आहे. घोड्याचे मांस वर्ज्य मानणाऱ्या भारतीय सैनिकांत स्कर्व्ही बळावली, तर मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांत बेरीबेरी. आट्यामुळे भारतीय तीतून बहुतांशी वाचले. पुढे १९३९-४० च्या हिस्सार दुष्काळात स्कर्व्हीवर आमलकीच योजली गेली. औषधालयचालकांनी आमलकी चूर्ण ताजे, कोरडे व उन्हापासून दूर ठेवावे.