संगणकाची निद्रा

संगणकाचा पडदा काळा झाला म्हणजे यंत्र थांबले, हा समज विद्यार्थ्यांच्या मनातून प्रथम दूर करावा. केवळ पडदा मिटला असता आतील काम अखंड चालू असते. ‘स्लीप’ या साध्या निद्रेत मात्र कार्यप्रणाली प्रोसेसर थांबविते व फक्त तात्पुरत्या स्मृतीस, म्हणजे ‘रॅम’ला, थोडी वीज देत राहते. हे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. बॅटरी नसलेल्या यंत्राची वीज अशा वेळी गेली, तर जतन न केलेली गुणपत्रके बहुधा गेलीच म्हणून समजावे. यास्तव जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे शिक्षकांनी ‘हायबरनेट’ ही दीर्घनिद्रा योजावी. तीत स्मृतीतील सर्व मजकूर कायम साठवणीत उतरवून मगच यंत्र बंद होते. जागे होण्यास किंचित विलंब लागतो, इतकेच.