इतरेतर द्वंद्व : अ‍ॅशफर्ड आणि सिंप्सन

द्वंद्व समासाचे तीन प्रकार आपण शाळेतच शिकतो. 'आईवडील' याचा विग्रह 'आणि'ने होतो, म्हणून तो इतरेतर द्वंद्व. 'खरेखोटे' याचा 'किंवा'ने होतो, म्हणून तो वैकल्पिक. 'मीठभाकर' म्हणताना सोबतचे इतर साधे पदार्थही गृहीत असतात, म्हणून तो समाहार. दोन आवाजांच्या गीताला मराठीत द्वंद्वगीत म्हणतात, तर कन्नडमध्ये युगळगीत. परंतु या द्वंद्वात कोण कोण सामावलेले असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. निकोलस अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलरी सिंप्सन या अमेरिकन दांपत्याच्या कार्याच्या आधारे त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

1964 साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका चर्चमध्ये दोघांची भेट झाली. नर्तक होण्याच्या आशेने मिशिगनहून आलेल्या अ‍ॅशफर्डने उद्यानातील बाकांवर रात्री काढल्या होत्या. सिंप्सन तेव्हा सतरा वर्षांची होती. ती चर्चमध्ये गात असे आणि पियानो वाजवीत असे. दोघे मिळून गीते रचू लागले. शब्द बहुधा त्याचे, चाल बहुधा तिची. 'व्हॅलरी अँड निक' या नावाने निघालेली त्यांची ध्वनिमुद्रिका चालली नाही. मात्र 1966 मध्ये जोशी जो आर्मस्टेडसह रचलेले त्यांचे एक गीत रे चार्ल्स यांनी गायिले, ते गाजले, आणि डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत गीतरचनेचे काम त्यांना मिळाले.

मोटाऊनकडे जाताना त्यांनी एक गीत जपून ठेवले होते : 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'. इंग्लिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड यांना ते हवे होते. पण या गीतामुळे मोटाऊनचे दार उघडेल, या हिशेबाने दोघांनी ते दिले नाही. 1967 मध्ये मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांच्या आवाजात ते प्रसिद्ध झाले. त्याची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे. कडव्यांत ओळी दोघांत वाटल्या आहेत; एकाचे वचन संपते न संपते तोच दुसऱ्याचे सुरू होते, आणि धृपदात दोघे एकत्र येतात. आधी संवाद, मग ऐक्य. रूप आणि आशय यांचा असा मेळ असल्यामुळे ऐकणाऱ्याला दोन प्रेमिक समोरासमोर उभे आहेत असेच वाटते.

वस्तुस्थिती वेगळी होती. टेरेलने आपला भाग आधी एकटीने गायिला होता. गे यांचा आवाज नंतर त्यावर चढविण्यात आला. ती दोघे पती-पत्नीही नव्हती. त्याच वर्षी व्हर्जिनियातील एका महाविद्यालयातील कार्यक्रमात गाता गाता टेरेल कोसळली. मेंदूत गाठ निघाली आणि 16 मार्च 1970 रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती गेली. तिच्या आजारपणातील काही ध्वनिमुद्रणांत प्रत्यक्षात सिंप्सनचाच आवाज आहे, असे गे यांनी पुढे सांगितले. सिंप्सनने ते नाकारले. वादाचा निर्णय काहीही होवो, असा वाद संभवतो हीच गोष्ट बोलकी आहे. चाल बांधणाऱ्या बाईचा आवाज गीताच्या इतका निकट होता, आणि मुद्रिकेवर नाव मात्र गाणाऱ्यांचे ठळक.

1970 मध्ये हेच गीत डायना रॉस यांच्यासाठी या दोघांनी नव्याने बांधले. आता गाणारी एकटीच होती. म्हणून कडव्यांच्या जागी गद्य बोल आले आणि धृपद जवळजवळ शेवटपर्यंत राखून ठेवले गेले. कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी यांना हा विलंब पसंत नव्हता. तरीही 1967 मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत एकोणिसाव्या स्थानी पोचलेले हे गीत या रूपात पहिल्या स्थानी गेले. द्वंद्वगीताचे स्वगत कसे होते, हे पाहावयाचे असेल त्याने ही दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकावीत.

सिंप्सनच्या एकल गायनाच्या दोन तबकड्या मोटाऊनने 1971 व 1972 मध्ये काढल्या, पण त्यांना यश आले नाही. 1973 मध्ये दोघांनी कंपनी सोडली आणि ती स्वतःच्या नावाने एकत्र गाऊ लागली. विवाह झाला 1974 मध्ये. म्हणजे त्यांची सर्वपरिचित प्रेमगीते विवाहापूर्वीची होत! ती अनुभवाची रोजनिशी नसून रचनेचे फळ आहे. संसाराची दहा वर्षे झाल्यावर, 1984 मध्ये आलेल्या 'सॉलिड' या त्यांच्या सर्वांत यशस्वी गीताचा विषय मात्र प्रेम जडणे हा नसून प्रेम टिकणे हा आहे. येथे लिहिणारे आणि गाणारे प्रथमच एवढ्या मोठ्या श्रोतृवर्गासमोर एकरूप झाले.

22 ऑगस्ट 2011 रोजी अ‍ॅशफर्डचे निधन झाले. त्याच्या सुमारे पाच वर्षे आधी एमी वाइनहाउस या गायिकेने आपल्या एका गीतासाठी 1967 च्या त्याच गीताचा सांगीतिक आधार घेतला होता, आणि त्या गीताच्या कर्त्यांत तिच्या नावाबरोबर या दोघांचीही नावे नोंदली गेली.

द्वंद्वगीतातील द्वंद्व वरवर इतरेतर वाटते : हा आणि ती. प्रत्यक्षात ते समाहार असते. गाणाऱ्या दोघांमागे शब्द देणारा, चाल देणारी, वाजविणारे असे अनेक असतात. मीठभाकरीतल्या कांद्याचटणीप्रमाणे त्यांचा उच्चार होत नाही, एवढेच. आपल्या स्नेहसंमेलनातही द्वंद्वगीत सुरू होण्यापूर्वी निवेदक मूळ गायकांची नावे सांगतो आणि थांबतो. पुढच्या संमेलनात त्याने आणखी दोन नावे सांगावीत. त्याला अर्धे मिनिटही लागणार नाही.